गुलाबाला डोळा भरताना

६ जानेवारी, सोमवार

स्पृहा सुटली! सकाळी तिचे बाबा वकिलांना घेऊन आले, दुपारी ती गाडीत बसून घरी. जाताना म्हणाली, "फोन करीन हं." कुठे करणार? निरीक्षणगृहात मला फोन कोण देतंय!

मुलींच्या बाजूला आम्ही दोघीच होतो. आता सगळ्या खाटा रिकाम्या. जेवताना ताटाचा केवढा आवाज होतो — आधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार

वाटलं, एकटीसाठी बागकामाचा तास कोण घेतंय? पण रुपालीताई आल्या. खडकीला त्यांची नर्सरी आहे, तिथून बसने, पिशवीत गुलाबाच्या काड्या घेऊन.

आज डोळा भरायला शिकवलं. रानगुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, साल अलगद सोडवायची. चांगल्या गुलाबाच्या देठापाशी फुगीर कोंब असतो, तो म्हणजे डोळा. तो सालीसकट काढून चिरेत सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. पुढे त्याचीच फांदी होते.

चाकू सरळ माझ्या हातात दिला! मुक्ताईमावशी — आमच्यावर लक्ष ठेवतात त्या — दारातूनच म्हणाल्या, "अहो ताई, हिच्या हातात चाकू?"

"मग काय चमच्याने कापू म्हणता?"

खूप दिवसांनी हसले. डोळे मात्र सगळे फाटले.

११ जानेवारी, शनिवार

भेटीचा दिवस. आई आली नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. मावशींनी तिळगूळ दिला. "गोड बोल."

कुणाशी?

२२ जानेवारी, बुधवार

ताईंनी कधीच विचारलं नाही. आज खोडं बांधता बांधता मीच सांगितलं. वारज्यात आई ज्या काकूंकडे स्वयंपाक करायची, त्यांच्या घराची किल्ली मी पृथ्वीराजला दिली. दागिने गेले. लग्न करू म्हणाला होता... चारच दिवसांत पोलिसांनी दोघांनाही पकडलं. आईची सगळी कामं सुटली.

ताई एवढंच म्हणाल्या, "पट्टी सैल राहिलीये. परत बांध."

बांधली.

२९ जानेवारी, बुधवार

पंधरा तारखेला परत भरलेल्यांपैकी दोन डोळे फुटले! लालसर, तांदळाएवढे. बाकीचे काळे पडले. ताई खूश. म्हणाल्या, "नम्रता, सुटलीस की माझ्याकडे कामाला ये. रीतसर पगार देईन."

मग लगेच काड्या आवरायला लागल्या. दहा तारखेला मला बाल न्याय मंडळापुढे उभं करणार. आई न्यायला आली तर तिच्या ताब्यात देतील. नाही आली तर दुसऱ्या संस्थेत — कुठल्या गावात, कुणालाच माहीत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

नाही आली. वेणी घालून बसले होते. मावशींनी उगाचच दोनदा चहा आणून दिला.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताई आईला भेटून आल्या! न सांगता.

"काय म्हणाली?"

"चहा दिला. फारसं बोलल्या नाहीत."

"माझं काही विचारलं?"

ताई कुंडीतली माती उकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवते का, म्हणून विचारलं."

वाफ्याशी बसून रडले. ताईंनी बसू दिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आई आली. किती वाळलीये! माझ्याकडे बघेचना. मग म्हणाली, "पोलिसांना मीच फोन केला होता. तो तुला घेऊन पळणार होता — मला कळलं होतं. कुठल्या तोंडाने येऊ तुझ्यापुढे?"

मला खूप राग आला. अजून आहे. वेळ संपली म्हणून मावशींनी हाक मारली. आई उठली, दारापर्यंत गेली.

"सोमवारी मंडळापुढे यायचंय तुला," मी म्हणाले. "लवकर ये. आणि काहीतरी खाऊन ये."