ढावलो कोणाच्याच नावावर नाही

लिहून ठेवणार : नानीबाई रूपला राठोड, वय ७३, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार किन्हीराजाजवळचा तांडा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नातू किशन गेले काही महिने एका कागदावर सही कर म्हणून मागे लागला आहे, त्याला मी दबाव समजत नाही. मुलगा हेमसिंग आणि सून रीता पुढच्या आठवड्यात ऊसतोडीला निघतील, म्हणून सगळ्यांसमोर हे आजच करते.

१. शेत. माझ्या नावावरचे दोन एकर कोरडवाहू शेत हेमसिंगला द्यावे. उत्तरेच्या धुऱ्यावरचे बाभळीचे झाड शेजारच्या बाबूसिंगने मी दवाखान्यात असताना तोडले. त्याला मी माफ केले आहे असे माझ्यामागे कोणी परस्पर सांगू नये. जमले तर मीच सांगेन.

२. माझी फेटिया आणि कांचळी, म्हणजे घागरा आणि चोळी, आरशांच्या कामासकट, नात अंजूला. घागऱ्याचा घेर तिला मोठा होईल, पण एकही आरसा काढून लहान करू नये. शिलाई मशीन रीताला. ही सून पंधरा वर्षे कोयता घेऊन परमुलखात राबली आणि घरी आली की आधी माझे पाय चेपायला बसली. तिच्या तोंडावर मी कधी चांगले बोलले नाही, ते इथे बोलते. रीता, तू होतीस म्हणून मी म्हातारपण नीट काढले.

३. आता ढावलो. हे कलम लांबले आहे, वाचणाऱ्याने कंटाळू नये.

लग्न लागून नवरी निघते तेव्हा आईच्या, बापाच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून, हेल काढून, रडत गाते, त्याला आम्ही बंजारा लोक ढावलो म्हणतो. हेल तांड्याचा असतो, शब्द त्या त्या मुलीचे. ज्याच्या गळ्यात पडायचे त्याचे नाव घ्यायचे, त्याने काय केले, काय दिले, कधी रागावला, ते सांगायचे. समोर गळा नसेल तर आमच्या तांड्यात ढावलो म्हणत नाहीत. मी अंगणवाडीच्या नोकरीत असताना दुपारी मुले निजली की लग्न ठरलेल्या मुली माझ्याकडे हेल शिकायला यायच्या. किती जणी आल्या ते मोजले नाही. त्यांचे उपकार आहेत, त्यांच्यामुळे माझा आवाज गंजला नाही.

सहा वर्षांपूर्वी एका गाण्यांच्या ॲपचा माणूस रेकॉर्डिंगला आला. मदनसिंग जाधव, आपल्यातलाच, दिग्रसकडचा. म्हणाला, "बाई, ढावलो म्हनून दाखव." मी म्हटले, "कोनाच्या गळ्यात पडू? तुह्या मशीनच्या?" तो बिचारा मशीन चालू ठेवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग मी त्याच्याच गळ्यात पडले, त्याला भाई म्हटले आणि गायले. माझे दोन्ही भाऊ तेव्हा गेलेले होते. त्यांच्यासाठी राहिलेले रडू सगळे त्याच्या खांद्यावर निघाले. तोही रडला.

नंतर त्याने कागद पुढे केला आणि मी न वाचता सही केली. अंगणवाडीची रजिस्टरे मी तीनदा वाचून सही करायची. पण ज्याच्या गळ्यात पडून ढावलो म्हटला तो भाऊ झाला, आणि भावाने दिलेला कागद त्याच्यासमोर वाचणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे. आमच्यातली कोणतीही बाई हीच चूक करेल.

गेल्या वर्षी अंजूचे लग्न झाले. तिने माझ्या गळ्यात पडून जो ढावलो म्हटला, त्यात अंगणवाडीच्या खिचडीपासून माझ्या शिव्यांपर्यंत सगळे होते. किशनने तो व्हिडिओ मोबाईलवर टाकला, कारण निम्मा तांडा ऊसतोडीवर होता, लग्नाला येऊ शकला नव्हता. दुसऱ्या दिवशी व्हिडिओचा आवाज बंद. खाली लिहून आले, की हे गाणे दुसऱ्या मालकाचे आहे. मालक म्हणजे ती ॲपची कंपनी, माझ्या त्या सहीमुळे. मशीनने अंजूचा हेल माझ्या रेकॉर्डिंगशी जुळवला आणि माझ्या नातीला चोर ठरवले. फडावर बसून लोकांनी नुसते हलणारे ओठ पाहिले. मला सहा वर्षांपूर्वीच्या सहीची तेव्हा लाज वाटली, अजून वाटते.

केनवडच्या वैष्णवी वकीलबाई वाशीमला कोर्टात असतात. त्यांनी सगळे कागद वाचले आणि सांगितले, की २००५ साली पॅरिसला देशोदेशींच्या सरकारांनी करार केला आहे. लोकांची गाणी, भाषा, कला यांची विविधता जपायची, आणि पुढे असेही ठरले की मोबाईल-इंटरनेटवरही ती जपायची. आपल्या देशाने तो करार मान्य केला आहे. मी विचारले, "मंग त्या करारानं कंपनीले कोर्टात ओढता येते का?"

"नाही आजी," त्या म्हणाल्या. "थो करार सरकारा-सरकारातला हाये. पण तुमी कबूल केलं थे पाळा, असं आपल्या सरकारले तं आपन म्हनू शकतो."

खोटा धीर दिला नाही, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. तसा अर्ज आम्ही दिल्लीला पाठवला आहे. पोहोच आली, उत्तर नाही. कंपनीकडे तक्रार वेगळी केली, आणि तिथे मदनसिंग उभा राहिला. त्याच कंपनीच्या नोकरीत असताना त्याने लिहून दिले, की हा हेल तांड्याचा आहे, बाईने तो बनवलेला नाही, आणि कागद मी तिला वाचून दाखवला नव्हता. अंजूचा आवाज परत आला. मदनसिंगची नोकरी गेली. भाऊ म्हटले ते वाया गेले नाही, एवढेच मी लिहू शकते. तो या कागदाचा साक्षीदार असल्याने त्याच्या नावाने काही ठेवू नये असे वकीलबाई म्हणाल्या. बरे झाले, द्यायला फार उरलेही नव्हते.

आता तीच कंपनी म्हणते, की नानीबाईंनी मी मूळ मालक असे लिहून द्यावे, आम्ही त्यांच्याकडून रीतसर हक्क घेऊ, नाव देऊ, फोटो लावू. किशन म्हणतो, "आजी, जगात नाव होईन तुहं. कायले अडून बसली?" त्याला माझ्या नावाचे अप्रूप आहे, त्यात वाईट काही नाही. पण मी मालक झाले तर हा हेल काढून रडणारी तांड्यातांड्यातली प्रत्येक नवरी माझी चोर होईल. मला तो हेल माझ्या मावशीने दिला, तिला कोणी दिला ते तिलाही ठाऊक नव्हते.

म्हणून लिहून ठेवते : ढावलो माझ्या मालकीचा नाही, सबब तो मी कोणालाही देत नाही. दिल्लीचा अर्ज अंजूने चालू ठेवावा. उत्तर येईपर्यंत दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवावे, आणि भाषा नम्र ठेवावी, निदान पहिली दोन वर्षे.

४. घर. माझ्या नावावरचे दोन खोल्यांचे घर किशनला. त्याने माझा म्हातारपणी हात धरला, मोबाईल शिकवला, एकदाही खेकसला नाही. देव त्याचे भले करो. मात्र अट आहे. किशनने किंवा माझ्या कोणत्याही वारसाने, ढावलो आमचा एकट्याचा असे कोणालाही लिहून दिले, आणि त्या कागदामुळे कुठल्याही मुलीच्या ढावलोचा आवाज बंद पडला, तर त्या दिवसापासून हे घर त्या मुलीचे.

ही अट वकीलबाईंनी मोठ्याने वाचली तेव्हा किशनने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "अन् थे पोरगी कुठल्या लांबच्या तांड्याची निघाली तं? आपन तिले वळखत बी नाही."

त्याचे उत्तर वकीलबाईंना अटीतच लिहायला लावले आहे : ओळख विचारू नये. दार उघडावे, किल्ली तिच्या हातात द्यावी आणि आपले सामान बाहेर काढावे.

सही : नानीबाई रूपला राठोड

साक्षीदार :
१. पुंजाजी, शेतकरी, किन्हीराजा
२. मदनसिंग जाधव, मूळ राहणार दिग्रसकडे. नाते : भाऊ

मजकूर लिहून वाचून दाखवणार : ॲड. वैष्णवी, वाशीम

ठिकाण : तांडा, किन्हीराजाजवळ
दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५