कुलूचा डिंक

माय, म्हाताऱ्या उंदरांना वाट आठवली. पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेली बसायची जागा त्यांनी आज सरळ पोहत जाऊन गाठली. ज्यांना आमचं औषध दिलं नव्हतं, ते बिचारे कडेकडेने घिरट्या घालत राहिले. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक काहीतरी फुटलं म्हणून धावत आले.

तुला नीट सांगते. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावरच्या ओलीत पसरणारी ब्राह्मी आठवते ना? म्हातारपणी माणसाचं विसरणं तिच्या अर्काने लांबवता येईल, असं आम्हाला वाटतं. पण पोटात गेला की तो एकदम सुटतो आणि तासा-दोन तासांत संपतो. तो दिवसभर थोडा थोडा सुटावा म्हणून त्याला डिंकाच्या गोळ्यात कोंडायचं, हे माझं काम. आता डिंक म्हटल्यावर चिचगडच्या पोरीने कोणता घ्यावा? तुझी शिकवण पक्की होती. धावड्याचा खायचा, बाळंतिणीच्या लाडवात घालायचा. कुलूच्या झाडाचा आंबूस वास मारतो, तो व्यापाऱ्याला द्यायचा, तोंडात घालायचा नाही. औषध तोंडात जाणार, म्हणजे धावडाच! मला शंकासुद्धा आली नाही. वर्षभर त्याच्याशी झटले आणि दर वेळी तो पाण्यात विरघळून गेला. आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणायचे, "पहिल्याच तासात रिकामी झाली की गं तुझी गोळी. सोडून दे आता." मी हात टेकले होते.

मग एकदा नागपूरहून गावी येताना देवरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुललेला दिसला, आणि तुझा तो पाणी तापवायचा मोठा गंज आठवला.

मी लहान आहे. त्या गंजात पळसाची फुलं उकळून मी रंग केलाय आणि तू विकायला वाळत घातलेला कुलूचा डिंक मूठ-मूठ त्यात टाकून दिलाय. सकाळी गंज काठोकाठ फुगून वर आलेला. "काऊन वं, विकाचा डिंक पान्यात टाकून राहिली? आता हे कोन घेईन, तुहा बाप?" पाठोपाठ धपाटा. मग निदान धुऊन वाचतो का म्हणून तू तो गोळा स्वच्छ पाण्यात टाकतेस. पाणी केशरी होतं. तू ओतून देतेस, नवं भरतेस, ते पुन्हा केशरी. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तू कमरेवर हात ठेवून हसायलाच लागतेस, "मेला, अजून रंग देऊनच राहिला!" बाबाही हसतात. माझी पाठ मात्र चुरचुरतेच आहे.

परत जाताना पिशवीभर कुलू घेऊन गेले. तो विरघळला नाही. फुगला, लिबलिबीत झाला आणि पोटातला अर्क दिवसभर जपून जपून सोडत राहिला. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे सुचलं कुठून तुला?" मी म्हटलं, "मायच्या धपाट्यातून, सर." त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं. माणसांपर्यंत जायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही. पण आज जिंकले बघ. शेवटी शेवटी तू मला पाहुणीसारखा चहा विचारायचीस आणि म्हणायचीस, "कोनाची वं तू, पोरी?" मी गावच्या रीतीप्रमाणे बाबांचं नाव सांगायची. तू मान हलवायचीस, "साजरी हाय पोरगी." आज कोणी विचारलं असतं, तर मी तुझं नाव सांगितलं असतं, तेही ओरडून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, माझ्याच पेटीत राहील. म्हणून एक सांगून टाकते. उंदीर त्या जागेवर चढला तेव्हा मी ओरडले खरी, पण त्याच्या आधी क्षणभर तुझा भयंकर राग आला. थोडं थांबायला काय झालं होतं वं तुला?