गाडी पहिल्यांदा कुठे थांबली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढं). तुझी पाठ, भावोजींचा खोकला आणि पोरांचे अभ्यास आता ताळ्यावर आले असतील असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे. जेवते, फिरते, माझ्यावर ओरडतेही. फक्त सकाळी अजून दोन कप चहा गाळते, एक बाबांच्या खुर्चीपाशी ठेवते आणि निवला की तो मला पाजते. मी एकदा धीर करून म्हटलं, आई, आता पुरे. तर म्हणाली, ते गेले असं अजून सरकारनंही लिहिलेलं नाही, मग मी कशाला म्हणू? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बाबांच्या मृत्यूची नोंदच झालेली नाही. तुला वाटलं मी केली, मला वाटलं डॉक्टरांनी केली, आणि डॉक्टरांना वाटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत, करतीलच. चहाचं मला काही नाही गं. पण आई अजून एकदाही रडलेली नाही, आणि मला त्याची भीती वाटते.

म्हणून दुकान बंद ठेवून (चष्मे काही पळून जात नाहीत) नगरपालिकेत गेलो. तिथे जन्माला आणि मृत्यूला एकच खिडकी आहे. माझ्या पुढे एक नवाकोरा बाप उभा होता. त्यानं माझा चेहरा पाहून मला पुढे व्हायला सांगितलं. मी म्हटलं, छे, तुम्ही आधी. तो म्हणाला, माझं बाळ झोपलंय, त्याला घाई नाही. मी म्हटलं, आमच्या बाबांनाही नाही. या सभ्यपणापायी सगळी रांग आमच्या अंगावरून पुढे निघून गेली आणि जेवणाची सुट्टी झाली. मग आम्ही दोघं बाकावर बसलो. उंच खिडकीतून ऊन येत होतं, पंखा स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता, आत कुणीतरी सावकाश शिक्के मारत होतं. माझा डोळा लागला (लागणारच, तू मला ओळखतेस). पाहतो तर खिडकीच्या आत बाबा! बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, घाई कसली आहे, उद्या ये. ताई, खरं सांगतो, ते गेल्यापासून इतकं निवांत मला कुठेच वाटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशीही गेलो तो निम्मा त्या बाकासाठी.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. खिडकीवरचे थोरले कारकून कागद नाकाला लावून वाचायचे. चष्म्याची काडी ढिली, काच जुनी. पहिल्याच दिवशी, सुट्टीनंतर, माझा अर्ज त्यांनी असाच हुंगून ठीक ठरवला होता, शिक्का मारायला हातसुद्धा उचलला होता. पण धंद्याची खोड जाते का? मी म्हटलं, साहेब, आणा तो इकडे. शिक्का राहिला बाजूला. स्क्रू आवळला, नंबर विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवी काच बसवून दिली. झालं! सगळ्या कचेरीनं आपापले चष्मे माझ्यासमोर आणून ठेवले. मी तो सबंध दिवस त्या बाकावर गुंगीत स्क्रू पिळत बसलो आणि संध्याकाळी अर्ज तिथेच विसरून घरी आलो. तिसऱ्या दिवशी थोरल्या कारकुनांनी माझा अर्ज हातभर लांब धरून, अगदी स्वच्छ वाचला. आणि म्हणाले, हे काय? तुम्ही मृत्यूचं ठिकाण घर लिहिलंय, आणि डॉक्टर लिहितात की आणलं तेव्हाच प्राण नव्हता.

मी सांगितलं, तुझ्या गावच्या हॉस्पिटलातून तू बाबांना गाडीनं घरी आणत होतीस, आणि ते वाटेत गेले. त्यावर कारकून हळू आवाजात म्हणाले, "मग आमच्याकडे नाही होत. गाडीत माणूस गेला, तर गाडी त्यानंतर पहिल्यांदा जिथे थांबली, तिथल्या कचेरीत नोंद." बिचाऱ्यांना फार वाईट वाटलं. चष्मा काढून परत देतो असंही म्हणाले.

मग त्या गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, मी पुढे बघतो, मागे काय झालं ते ताईंना विचारा. मधे एकदा त्यांनी गाडी थांबवायला सांगितली होती एवढं आठवतं, गाव आठवत नाही. बराच वेळ थांबलो होतो म्हणाला.

असो. बाकी सगळं क्षेम. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी थांबली त्या गावाचं नाव तेवढं कळव. त्या दिवसाबद्दल तू कुणाशी बोलली नाहीस, आणि आम्हीही विचारलं नाही. आत्ताही बाकीचं काही लिहू नकोस. नुसतं नाव पुरे.

ता. क. दुसरा. वरचं खोडलं आहे असं समज. पाकीट चिकटवायच्या आधी आईनं पत्र वाचून दाखवायला लावलं. ड्रायव्हरपर्यंत आलो तेव्हा तिनं मला थांबवलं. म्हणाली, "गाव राहू दे रे. पोरगी एकटी होती त्या गाडीत." आणि मग रडली. खूप वेळ रडली. तुला घेऊन ये म्हणते. मी रविवारी निघतो. परतताना त्याच रस्त्यानं येऊ. ते गाव आलं की मला सांग, आपण दोघं उतरू.