बंद तारेतला करंट

प्रिय सुजीत,

जय भीम. हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय, आधीची दोन फाडली. आज शुक्रवार, सुट्टी. पण सकाळपासून इथं आखातात, माहूजच्या या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालतोय. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. मंगळवारी तुझ्या श्रावस्तीचा फोन आला, तेव्हापासून हे असंच चाललंय.

पोरगी डिप्लोमाला इलेक्ट्रिकल घेऊन बसली आणि बापासारखीच खोदून खोदून विचारते. म्हणाली, बाबा सांगतात तार बंद होती, करंट हवेतून आला. आणि गाव हसतं. कंपनीच्या अपघाताच्या कागदावर तर 'चालू तारेला चुकून हात लावला' असंच आहे. उजवा हात गेला तो गेलाच, वर वेडाही ठरलास. आता म्हणे तू तो विषयच काढत नाहीस. बाबांचं खरं की कागदाचं, एवढंच तिला हवं होतं. आणि मी? मी तिला त्या शास्त्रज्ञ टेस्लाची गोष्ट सांगत बसलो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यानं अमेरिकेत मनोरा उभारला, साऱ्या जगाला बिनतारी वीज द्यायला. काम अर्धवट राहिलं, मनोरा पाडला. लोक अजून म्हणतात, धनदांडग्यांनी फुकटची वीज दाबून टाकली. बाता आहेत नुसत्या. वीज हवेत सोडली की चहूकडे पांगते, लांबच्या घरापर्यंत दिवा लागण्याइतकी उरतच नाही. पण जवळच्या जवळ ती उडी मारते, हे मात्र खरं. त्यानं हातातल्या दिव्याच्या नळ्या विनातारेच्या पेटवून दाखवल्या होत्याच. आपल्या धंद्यात तर हे रोजचं. चालू लाइनच्या शेजारून गेलेली बंद लाइन आपोआप भरते. म्हणून तर चढण्याआधी तिला अर्थिंग लावतात, वायरीनं जमिनीला जोडतात, म्हणजे करंट खाली उतरतो. श्रावस्तीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग त्या दिवशी अर्थिंग कुणी लावलं होतं? रेंज गेल्याचं सोंग करून मी फोन ठेवला.

सुजीत, सित्र्याच्या साइटवर त्या दुपारी मी खालून आपल्या हेल्परला, हमझाला, ओरडून विचारलं, अर्थिंग? तो लांबून ओरडला, खलास. इथं काम झालं तरी खलासच म्हणतात, मला वाटलं, लावून झालं. मी तुला म्हटलं, यल्ला, चल, चढ. त्याला सांगायचं होतं की अर्थिंगच्या वायरी खलास, दुसऱ्या टोळीनं नेल्या. तू खाली कोसळल्यावर तो रिकाम्या हातानं धावत आला, तेव्हा मला कळलं. जाऊन बघणं माझं काम होतं. चौकशीत हमझाला कुणी विचारलं नाही, आणि मी व्हिसाच्या भीतीनं तोंड शिवलं. चार वर्षं झाली. परवा, रविवारी, हे सगळं लेखी देतोय. नोकरी जाईल, जाऊ दे. पण साहेबाच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून या पत्राचा फोटो आजच तुझ्या फोनवर पाठवतोय. तार बंदच होती, शेजारच्या चालू लाइनमुळे भरली होती. तू बरोबर होतास. हे पत्र श्रावस्तीला तूच दाखव, आणि मला माफ करायचं की नाही ते दोघं मिळून ठरवा.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
दशरथ