देवीचा ठोका

अप्पा, मी आता कोंगा वाजवते. तुम्हाला हसू येईल, ठाऊक आहे मला. कोंगा म्हणजे कंबरेएवढे उंच ढोल, क्युबाकडचे, हातांनी वाजवायचे. आपल्या म्हैसूरच्या गोकुलममध्ये योग शिकायला आलेली एक परदेशी मुलगी आपल्या माडीवर भाड्याने राहायची, ती जाताना ते मागे ठेवून गेली. आईने लगेच त्यांच्यावर ताट मांडून संडिगे वाळत घातले! मी ते खाली आणले, शिकले, आणि पन्नाशी उलटल्यावर, कडकोळच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून, जॅझच्या बिग बँडमध्ये शिरले. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांच्या रांगाच्या रांगा, आणि कोपऱ्यात पदर खोचून मी.

पण थोड्याच दिवसांत पंचाईत झाली. तुमच्या ढोलकीवर रुसून मी तबल्याच्या क्लासला गेले होते ना, तिथली सम अंगात पक्की मुरलेली. ट्रंपेटवाल्याने काही छान वाजवलं की मी शेवटी एकच तुकडा तीनदा वाजवून तिहाई घ्यायची आणि पहिल्या मात्रेवर सणसणीत थाप मारायची, कुणीतरी 'वा' म्हणेल म्हणून. वा कसलं, डोंबल! सगळा बँड अडखळायचा. बँडमास्तर एकदा ओरडलाच, "अय्यो मॅडम, सुम्ने इरी! गप्प बसा की जरा. पहिली मात्रा काय तुमची एकटीची आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "पुढच्या रविवारी असंच झालं, तर कार्यक्रमाला मी दुसरं कुणी बघतो." फार लागलं हो. नोकरी, घर, आईचं दुखणंखुपणं, या सगळ्यात माझं स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच होतं.

घरी येऊन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बोटं आपटत बसले. आई म्हणाली, "डब्याने काय केलंय तुझं?" आणि अचानक तुमचा शुक्रवार आठवला. देवराज मोहल्ल्यातलं दुकान लवकर बंद करून तुम्ही घरी येता, हातपाय धुता, भवानीपुढे ढोलकी घेऊन बसता. आपल्या घरच्या भजनात दर आवर्तनाचा पहिला ठोका कुणी वाजवायचा नाही, तो देवीचा. तिथे चामड्यावर नुसता हात टेकवायचा. मी फ्रॉकमधली कार्टी, मुद्दाम तिथेच थाप मारते, आणि तुम्ही माझं मनगट धरता. "साकू, साकू! पुरे! तिथे देवी पाऊल ठेवते. बोटं चेंगरतील तुझी." सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी फणकाऱ्याने उठते. सम सोडून देणारा कसला वादक, असं मला किती वर्षं वाटत होतं!

तर आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. पहिल्या मात्रेला तळहात नुसता टेकवायचा, देवीला वाट द्यायची, मग पुढचं वाजवायचं. अप्पा, कोंगाची चाल नेमकी तशीच असते हो! मोकळे ठोके येतात ते आवर्तन संपता संपता, आणि पहिल्याला हात नुसता टेकतो. रविवारी बँड चालू झाला आणि कुणी अडखळलं नाही. बँडमास्तरने एकदा मान वळवून पाहिलं, ओरडला नाही. बास गिटारवाल्या पोराने विचारलं, "मॅडम, हे कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, "आमच्या अप्पांकडे. भांडून."

काल कार्यक्रम झाला. आई पहिल्या रांगेत बसून चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होती. तुमची आठवण काढत वाजवायचं असं मी ठरवलं होतं, पण खरं सांगते, इतकी मजा आली की तुम्ही एकदाही आठवला नाहीत. रागावू नका. तुम्ही आता आहात तिथे टपाल जात नाही, तेव्हा हे कागद माझ्याजवळच राहतील. शेवटच्या गाण्याचा शेवटचा ठोका मात्र साऱ्या बँडने मिळून पहिल्या मात्रेवरच मारायचा होता. सगळ्यांबरोबर मीही हात वर उचलला आणि क्षणभर घाबरले. बोटं चेंगरतील म्हणून, अप्पा.