फाट्यावरचा फ्लेक्स

दौंड, १० फेब्रुवारी २०२५

ती. मारुतमामांस,
मोनालीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी निरोप अर्धाच सांगते, म्हणून पत्र. कवठ्याच्या फाट्यावर तुम्ही लावलेल्या फ्लेक्सचा फोटो मला चारजणांनी पाठवला. पुण्याच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, असं त्यावर आहे. मामा, निवड झालेली नाही. नुसतं चाचणीला बोलावलं आहे, सोळा तारखेला. चाळीसजणी येणार, बारा घेणार.

त्यात उजवा गुडघा सुजला आहे. माझ्या क्लबातली नीलम म्हणते, इंजेक्शन घे, दोन तास दुखणं कळत नाही. डॉक्टर म्हणतात, असं खेळलीस तर गुडघा कायमचा जाईल. पण मी एकोणतीस वर्षांची आहे, पुढच्या वर्षी कोण बोलावणार? आणि आता तर गावाने अभिनंदनही वाचलंय. मी इंजेक्शन घेणार. आईला सांगू नका.

लोभ आहेच, निकाल काहीही लागला तरी असू द्या.
तुमची मोनाली

कवठे येमाई, १५ फेब्रुवारी

चि. मोनालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. चूक माझी. आमच्या वेळी कारखान्यातून बोलावणं आलं की नोकरी पक्की असायची, मला वाटलं तुमच्यातही तसंच. शिवाय आपल्याकडे उमेदवारांचे फ्लेक्स निकालाआधीच लागतात.

आज सकाळी शिडी लावून तो उतरवला. शेजारच्या पोपटरावांनी का म्हणून विचारलं, मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग. आता फाट्यावर काही नाही. गावासाठी गुडघा घालवू नकोस. मामी म्हणते, पोरगी धडधाकट हाय तवर समदं हाय. तू बारा वर्षं मानधनावर खेळलीस, त्यातली निम्मी बाकावर बसून, हे मी येऊन पाहिलंय. बाकावर बसूनही तू कधी तोंड पाडलं नाहीस.

टपाल वेळेत पोहोचायचं नाही. पोपटरावांचा कांद्याचा टेम्पो दौंडला निघालाय, त्यात हे देतो. जिवाला घोर लागलाय. इंजेक्शन घेऊ नकोस.

तुझा मामा, मारुतराव

दौंड, १८ फेब्रुवारी

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

टेम्पोवाल्याने पंधराला संध्याकाळी पत्र दिलं. इंजेक्शन आणून ठेवलं होतं, ते नीलमला परत दिलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

पट्टा बांधून अकरा मिनिटं खेळले. दोन बास्केट झाल्या. तिसऱ्या उडीला कळ डोक्यापर्यंत गेली, तेव्हा स्वतःच हात वर केला आणि बाहेर आले. यादीत माझं नाव नाही. खूप रडले, तुमच्यापासून काय लपवायचं. चालता येतंय, पण खेळ संपला.

मामी गावाला ये म्हणते. फाट्यावर उतरून लोकांना काय सांगू? तो फ्लेक्स वैरणीवर झाकायला टाका, फोटो खालच्या अंगाला करून.

माया पातळ करू नका.
मोनाली

कवठे येमाई, २३ फेब्रुवारी

चि. मोनालीस आशीर्वाद.

चालता येतंय हे वाचून मामीने देवापुढे साखर ठेवली.

फ्लेक्स वैरणीवर टाकला नाही. मधली निवडीची पट्टी कापून काढली आणि वरचा-खालचा तुकडा मामीने दाभणाने शिवला. आता वर तुझा फोटो आणि नाव, खाली हार्दिक अभिनंदन. शिवण जरा वाकडी आली आहे. काल पुन्हा फाट्यावर बांधला.

पोपटराव आलेच विचारायला, आता अभिनंदन कशाबद्दल म्हणून. या वेळी मला ऐकू आलं. बारा वर्षांबद्दल, असं सांगितलं.

रविवारच्या एसटीने ये. फाट्यावरच उतर, मी तिथे उभा आहे.

मारुतमामा