मेंढा बदलून भागणार नाही

सोमवार, मांडवगण

दमले. माझं लेकरू, चिनू, जाऊन वर्ष होत आलं. आज पुण्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हा आजार आईच्याच बीजातून येतो, आईकडून सगळ्या लेकींत आणि लेकींकडून त्यांच्या मुलांत. पुढचं मूल दुसऱ्या बाईचं बीज घेऊन माझ्या पोटात वाढवता येईल.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. कोकरं अशक्त निघाली की ते मेंढा बदलायचे, म्हणून वर्षभर स्वतःच्या लेकालाच बोल लावत होते. मी गप्प ऐकलं. का? सोयीचं होतं म्हणून?

आबा म्हणाले, "म्हंजी मेंढ्याचा दोष न्हाई." मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नगं. सोताला बोल लावंल."

आईला नाही सांगणार. पण खुटबावला धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय.